मुलांच्या कॉलेजचा पैसा साठवताना: आधी तारीख बघा, मग व्याजदर

"सुकन्या काढू की एसआयपी करू?" लेक झाली की वर्षभरात हा प्रश्न घरात येतोच. सुकन्या म्हणजे मुलींसाठीची सरकारी बचत योजना, एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला भरायची ठरावीक रक्कम. मुलगा असेल तर सुकन्याच्या जागी पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी येतो, एवढाच फरक. मग कोणी व्याजदर सांगतं, कोणी दहा वर्षांचा परतावा, आणि एखादे ओळखीचे विमा एजंट काका पॉलिसीचं रंगीत माहितीपत्रक ठेवून जातात.

आमची मोठी आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, धाकटा आठवीत. मोठीच्या वेळी यातलं बरंच हाताळून झालंय आणि धाकट्याचं चालू आहे. त्यावरून माझं ठाम मत झालंय: कॉलेजच्या पैशात व्याजदर हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की, ज्या आठवड्यात कॉलेज फी मागेल त्या आठवड्यात तो पैसा तुमच्या खात्यात येऊ शकतो का? पुढचं सगळं या एका कसोटीवर घासून लिहिलं आहे.

१. आजचा खर्च कागदावर मांडा

"इंजिनिअरिंगला वीस लाख लागतात" असल्या ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. महाराष्ट्रातल्या खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं आणि कॉलेजनिहाय आकडे त्यांच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. तुमच्या भागातली दोन-तीन आणि पुण्या-मुंबईतली दोन-तीन कॉलेजं काढा. एखादं सरकारी कॉलेजही काढा, म्हणजे फरक डोळ्यांसमोर येईल.

फीच्या खाली बाकीचा खर्च लिहा: वसतिगृह किंवा कॉट बेसिसवरची खोली, तिचं डिपॉझिट, मेस, लॅपटॉप, जाणं-येणं. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाचा राहण्याजेवण्याचा खर्च कित्येकदा फीच्या बरोबरीला येतो आणि नेमका हाच आकडा लोक धरत नाहीत.

समजा, चार वर्षांचा सगळा खर्च आजच्या भावानं १० लाख येतो. मूल चार वर्षांचं आहे, म्हणजे हातात १४ वर्षं. खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो असं धरलं तर १४ वर्षांनी तेच १० लाख साधारण २९ लाख होतात. तोंडी हिशेब करायचा तर ७२ ला वाढीच्या दरानं भागा: ८ टक्क्यांनी खर्च ९ वर्षांत दुप्पट. ८ टक्के हा माझा अंदाज आहे, तुम्ही ७ धरा किंवा ९. पण काहीतरी धरा. आजच्याच आकड्यावर बचत ठरवणारे बारावीच्या वर्षी गोंधळतात.

परदेशी शिक्षणाचा विचार असेल तर फीवाढीवर रुपयाची घसरणही चढवावी लागते. २०१४ मध्ये साठीच्या आसपास असलेला डॉलर २०२५ च्या डिसेंबरात नव्वदीला पोचला.

२. पैसा कोणत्या वयात लागणार, त्याचं वेळापत्रक करा

एका कागदावर मुलाचं वय आणि त्यापुढे वर्ष लिहा. बहुतेक जण फक्त १८ ला खूण करतात. पण पहिला मोठा खर्च १५-१६ व्या वर्षीच येतो. दहावीचा निकाल लागला की क्लासवाले दारात. जेईई असो, नीट असो किंवा नुसती सीईटी, दोन वर्षांची फी बरेचदा एकरकमी मागतात, एकदम भरली तर सूट देतात. लातूरला किंवा कोट्याला पाठवलं तर राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. हा पैसा १८ व्या वर्षासाठी अडकवून ठेवलेल्या ठेवीतून काढायचा म्हटलं की दंड बसतो, नाहीतर ती ठेव मोडताच येत नाही.

त्यानंतर १८, १९, २०, २१ अशी चार वर्षं, दरवर्षी जून ते ऑगस्ट. म्हणजे सगळा पैसा एकाच दिवशी लागत नाही. शेवटच्या वर्षाच्या फीला आणखी तीन वर्षं वाढायला मिळतात.

कॅप राउंडचा, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीचा वेगही लक्षात घ्या. जागा मिळाल्याची यादी संध्याकाळी लागते आणि ठरलेल्या मोजक्या दिवसांत कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायचा असतो. आमच्या वेळी खिडकीमागच्या बाईंनी फीच्या पावतीचं पुस्तक उघडून ठेवलं होतं आणि मागच्या रांगेतले एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी विनवत होते, "एफडी मोडायला सही घरच्यांची लागते, ती गावाला आहे." पैसे होते. पोचत नव्हते.

३. बचतीआधी दोन गोष्टी

कमावणाऱ्या माणसाचा मुदत विमा, म्हणजे टर्म प्लॅन. आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला. या दोन नसतील तर कॉलेजची बचत पहिल्या दवाखान्यातच मोडते. धंदा असेल, डोक्यावर कर्ज असेल तर मुदत विमा विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घेता येतो. तसा घेतला की ती रक्कम बायको-मुलांचीच राहते, देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. पॉलिसी घेतानाच तसं सांगावं लागतं, नंतर करता येत नाही.

४. आता एकेक पर्याय

सुकन्या समृद्धी. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेली योजना. मुलगी १० वर्षांची व्हायच्या आत खातं उघडायचं, पोस्टात किंवा बँकेत. वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख. एका घरात दोन मुलींपर्यंत. जुळ्या-तिळ्या असतील तर सवलत आहे. जानेवारी २०२४ मध्ये व्याजदर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला तो जाहीर करतं. व्याज आणि शेवटची रक्कम दोन्ही करमुक्त. सरकारी हमीच्या योजनांत यापेक्षा चांगला दर सहसा मिळत नाही.

आता तारखेची कसोटी लावा. खातं परिपक्व होतं ते उघडल्यापासून २१ वर्षांनी. मुलगी २१ ची झाली की पैसे मिळतात, असा समज मी शिकल्यासवरलेल्या लोकांकडूनही ऐकलाय. मुलगी चार वर्षांची असताना खातं काढलं तर ते पिकतं ती २५ ची झाल्यावर. आठव्या वर्षी काढलं तर २९ व्या वर्षी! पैसे मात्र पहिली १५ वर्षंच भरायचे असतात.

मग कॉलेजला काय मिळतं? मुलगी १८ ची झाली किंवा दहावी पास झाली, यातलं जे आधी होईल त्यानंतर, मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. एकदम, किंवा वर्षातून एकदा असे पाच वर्षांपर्यंत हप्ते. त्यासाठी प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती दाखवावी लागते, आणि रक्कमही प्रत्यक्ष फी व इतर शुल्काइतकीच मिळते. मेसचे पैसे, खोलीचं भाडं यातून निघेल असं धरू नका. आणि अडचण अशी की पावती फी भरल्यावर मिळते, फी भरायला पैसे हवे असतात. म्हणून कॉलेजकडून आधी फीचं मागणीपत्र, म्हणजे 'फी स्ट्रक्चर'चं शिक्क्याचं पत्र घ्या आणि पोस्टात ते चालेल का हे मे महिन्यातच विचारून ठेवा. पहिला हप्ता दुसऱ्या खात्यातून भरायची तयारी असू द्या.

बारीक पण कामाची गोष्ट: व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. सहा तारखेला भरलेल्या पैशावर त्या महिन्याचं व्याज नाही. पीपीएफलाही हाच नियम. आजी-आजोबांनी हौसेनं नातीचं सुकन्या खातं काढलं असेल तर पालकत्व आई-वडिलांच्या नावावर करून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून याबद्दल कडक नियम आहे.

पीपीएफ. एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के. सुकन्याहून कमी, पण तारखेच्या बाबतीत मला पीपीएफ जास्त आवडतं. खातं उघडलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून १५ वर्षं मोजतात. मे २०२६ मध्ये उघडलेलं खातं १ एप्रिल २०४२ ला पिकतं. २०२४ साली जन्मलेलं मूल त्याच वर्षी १८ चं होतं आणि प्रवेश जूनपासून. यापेक्षा सोयीची जुळणी दुसऱ्या योजनेत नाही.

पिकल्यावर सगळे पैसे उचलायलाच हवेत असं नाही. नवे पैसे न भरता खातं तसंच चालू ठेवलं तर व्याज मिळत राहतं आणि दर आर्थिक वर्षात एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. चार वर्षांची फी, चार वेळा काढणं. मूल आज सहा-सात वर्षांचं असेल तरी खातं अगदीच निरुपयोगी नाही, कारण सातव्या आर्थिक वर्षापासून काही रक्कम काढता येते. पण तिला मर्यादा आहे: चार वर्षांपूर्वीच्या अखेरची शिल्लक किंवा मागच्या वर्षाअखेरची शिल्लक, यातली जी कमी तिच्या निम्म्यापर्यंत.

मुलाच्या नावानं वेगळं खातं काढून दोन्हीकडे दीड-दीड लाख भरू, असं काही जणांना वाटतं. ते चालत नाही. तुमचं आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाचं खातं मिळून वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा आहे.

म्युच्युअल फंडातली एसआयपी. हातात दहा वर्षांहून जास्त काळ असेल तर महागाईच्या पुढे पळायची ताकद शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडातच आहे, असं मला वाटतं. साधा निफ्टी इंडेक्स फंड (निफ्टी निर्देशांकातल्या कंपन्यांचेच शेअर घेणारा), डायरेक्ट प्लॅन (वितरकाशिवाय थेट घेतलेला), एवढं पुरतं. रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशातून जातं आणि चौदा वर्षांत तो फरक लाखांत जातो. 'चिल्ड्रन', 'फ्युचर', 'करिअर' असली नावं बघून फंड निवडू नका. आत कुठल्या शेअरमध्ये, किती रोख्यांत पैसे आहेत ते बघा.

तारखेची कसोटी इथे अर्धी पास. पैसे विकायला काढल्यावर दोन-तीन कामकाजी दिवसांत खात्यात येतात, कुणाचं पत्र नको, पावती नको. पण त्या दिवशी बाजार कुठे असेल ते कोणाच्या हातात नाही. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्या वर्षी ज्यांचं मूल बारावीत होतं आणि सगळा पैसा इक्विटीत, म्हणजे शेअर फंडांत होता, त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. यावरचा उपाय सातव्या पायरीत आहे.

कराचं: शेअर फंड वर्षभरानंतर विकले तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर. म्हणून पहिल्या वर्षाचे पैसे काढताना थोडे मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये काढा. दोन वर्षांची सूट मिळते.

मुदत ठेव आणि आवर्ती ठेव. लांब पल्ल्याला कर वजा जाता महागाईला पुरत नाही. शेवटच्या तीन-चार वर्षांत मात्र याच्याइतकं भरवशाचं काही नाही. बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे, सहकारी बँकांसकट. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा नाही. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून कॉलेजचा पैसा पतसंस्थेत ठेवणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. बँकेतही ५ लाखांच्या वर एका ठिकाणी ठेवू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. प्रवेशाच्या हंगामात असं झालं असतं तर फी कुठून भरायची?

मुलांच्या विमा पॉलिसी. इथे जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यांत जास्त दडपण याच पर्यायाचं असतं. एजंट घरचाच असतो, नाही म्हणवत नाही.

पॉलिसीची मांडणी अशी असते: "वर्षाला फक्त ५० हजार, १५ वर्षं. मूल १८ चं झालं की १३ लाख हातात." साडेसात लाख भरून तेरा लाख, ऐकायला झकास. मूल जन्मलं त्याच वर्षी पॉलिसी घेतली असं धरून संगणकावर हिशेब मांडला तर हा परतावा वर्षाला जेमतेम ५ टक्के निघतो. तुम्ही स्वतः करून बघा: एक्सेलमध्ये एका रकान्यात दरवर्षीचे हप्ते उणे चिन्हानं लिहा, शेवटी मिळणारी रक्कम अधिक, आणि आयआरआर, म्हणजे वर्षाला पडणारा खरा परतावा काढा. एजंटकडे लाभदर्शक तक्ता मागा. तो देणं बंधनकारक आहे. त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. दोन्ही गृहीतकं आहेत, हमी नाहीत. 'हमी' या शब्दासमोर लिहिलेला आकडा तेवढा खरा धरा.

या पॉलिसींत एक गोष्ट खरोखर चांगली असते: पालक गेले तर पुढचे हप्ते माफ होतात आणि ठरलेली रक्कम ठरल्या वेळी मिळते. पण तेच काम स्वस्तातला मुदत विमा आणि वेगळी बचत मिळून करतात, आणि विम्याची रक्कमही कितीतरी मोठी मिळते. पॉलिसी घेतलीच असेल आणि मन खात असेल तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. त्यानंतर सोडायची म्हटली तर पहिल्या काही वर्षांत बरंच नुकसान होतं.

एनपीएस वात्सल्य. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. राष्ट्रीय पेन्शन योजनेतलं मुलांसाठीचं खातं. नाव मुलाचं, पण स्वभाव पेन्शनचा. मूल १८ चं व्हायच्या आत शिक्षणासाठी तुम्ही भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंतच काढता येतं, तेही तीन वर्षांनंतर. कॉलेजसाठी हे नाही.

सोनं, प्लॉट, भिशी. दागिन्यांत घडणावळ जाते, आणि ते विकायला काढताना घरात जे होतं ते वेगळंच. सोनं हवंच असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकता येणारा सोन्याचा फंड बरा. प्लॉटवर भिस्त ठेवणाऱ्यांना एवढंच विचारते: जुलैमध्ये फी भरायची असताना गिऱ्हाईक, सातबारा आणि रजिस्ट्री हे तिन्ही जूनमध्ये जमतील का? भिशी क्लासच्या फीसारख्या छोट्या, जवळच्या खर्चाला ठीक आहे, माणसं ओळखीची असतील तर.

५. खातं कोणाच्या नावावर?

भावना म्हणते मुलाच्या. मी म्हणते, सुकन्या सोडून बाकी सगळं आई किंवा वडिलांच्या नावावर, आणि दुसरा जोडीदार संयुक्त धारक किंवा नॉमिनी.

कारण असं. अज्ञान मुलाच्या नावच्या फंडात तुम्ही स्वतःच्या खात्यातून पैसे भरू शकता, पण काढलेले पैसे मुलाच्याच बँक खात्यात जातात. आणि मूल ज्या दिवशी १८ चं होतं त्या दिवशी एसआयपी थांबते, व्यवहारही गोठतात. मुलाचं पॅन, केवायसी, सज्ञान म्हणून अद्ययावत केलेलं बँक खातं आणि सहीचा नमुना दिल्याशिवाय एक रुपया निघत नाही. आता बघा, मूल १८ चं होतं साधारण बारावीच्या आसपास. म्हणजे परीक्षा, सीईटी, कॅपचे अर्ज आणि हे कागद, सगळं एकाच वेळी.

कर वाचवायला मुलाच्या नावावर ठेवू, असं म्हणाल तर अज्ञान मुलाचं व्याज किंवा नफा जास्त उत्पन्न असलेल्या पालकाच्या उत्पन्नातच मिळवला जातो. फायदा असलाच तर मूल १८ चं झाल्यावर त्याच्या नावानं नफा काढण्याचा. तेवढ्यासाठी खटपट करायची की नाही ते तुमच्या रकमेवर ठरवा.

६. वाटणी कशी करायची, एक नमुना

मुलगी चार वर्षांची, गरज २९ लाख, हातात महिना ८,०००. १४ वर्षं सरळ १० टक्के मिळत राहिले तर ८,००० मध्ये गणित बसतं. पण सगळं बाजारात ठेवायचं मला पटत नाही.

मी असं वाटेन: सुकन्यात ३,०००, इंडेक्स फंडात ५,०००. सुकन्यात ८.२ टक्क्यांनी १४ वर्षांत साधारण सव्वानऊ लाख जमतात, त्यातले ४ लाख ६० हजारांपर्यंत कॉलेजला काढता येतात. ५,००० ची एसआयपी १० टक्क्यांनी १८ लाखांच्या थोडी वर जाते. बेरीज तेवीसच्या आत, म्हणजे सहा लाख कमी. आता एसआयपी दरवर्षी फक्त ५ टक्क्यांनी वाढवा. ५,००० चे पुढच्या वर्षी ५,२५०, मग ५,५०० च्या आसपास. तीच एसआयपी पावणेचोवीस लाखांपर्यंत जाते आणि एकूण आकडा २८ लाखांच्या पुढे. सुकन्यातला उरलेला निम्मा भाग ती २५ ची झाल्यावर पदव्युत्तर शिक्षणाला किंवा तिला हव्या त्या कामाला. १० टक्के हा अंदाज आहे, बाजारानं कुणाला लिहून दिलेलं नाही.

मुलगा असेल तर सुकन्याच्या जागी पीपीएफ. मूल आज दहा-अकरा वर्षांचं असेल तर इक्विटीचा वाटा निम्म्याच्या आसपास ठेवा. आणि तेरा-चौदाचं असेल तर आता बाजारात नव्यानं मोठी रक्कम टाकू नका. आवर्ती ठेव आणि नवव्या पायरीतले मार्ग यांवर भर द्या.

७. नववीपासून पैसा खाली उतरवायला लागा

हीच पायरी लोक गाळतात, आणि बाजार चढत असला की हमखास गाळतात. "अजून सहा महिने थांबू."

मूल नववीत गेलं की क्लासच्या फीचा पैसा इक्विटीतून काढून ठेवीत टाका. दहावीत पहिल्या वर्षाच्या फीचा. अकरावीत दुसऱ्या वर्षाचा. बारावी सुरू होताना निदान पहिली दोन वर्षं बाजाराबाहेर सुरक्षित असली पाहिजेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा पैसा फंडात राहिला तरी चालतो. ठेवी एकाच मोठ्या पावतीत करू नका. चार छोट्या पावत्या करा, मुदत मेअखेर संपेल अशी, आणि 'दोघांपैकी कोणीही' या सूचनेसह संयुक्त नावावर. पावतीची मुदत आधीच संपलेली आणि ही सूचना घातलेली असती, तर रांगेतल्या त्या गृहस्थांची अडचण सुटली असती.

८. कागदपत्रं

खाती उघडताना:
- मुलाचा जन्मदाखला (नाव घातलेला, नुसतं 'मुलगी' लिहिलेला चालत नाही)
- पालकाचं पॅन आणि आधार, मुलाचं आधार असेल तर तेही
- दोघांचे फोटो, पत्त्याचा पुरावा
- रद्द केलेला चेक, फंडाच्या केवायसीसाठी

जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते पहिलीतच तपासा. 'ई' आणि 'आय'चा फरक प्रवेशाच्या वेळी तहसीलपासून बँकेपर्यंत फिरवतो.

प्रवेशाच्या वर्षी, मार्चपासून जमवायला लागा: अधिवास दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल त्याप्रमाणे जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला. निकालानंतर सेतू केंद्रावरची गर्दी बघण्यासारखी असते. आणि मुलाच्या स्वतःच्या नावचं, आधारशी जोडलेलं बँक खातं; शिष्यवृत्ती त्यातच येते.

९. बचतीतून काय वजा होऊ शकतं

महाराष्ट्रात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ही पायरी आधी वाचायला हवी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे, तिचे निकष वेगळे.

सापळा: प्रवेश कॅप फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की यातलं काही मिळत नाही. आणि वसतिगृह, मेस हे 'माफ' या शब्दात येत नाहीत. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते म्हणून काही कॉलेजं आधी पूर्ण फी भरा म्हणतात. अशा वेळी शासन निर्णयाची प्रत हातात ठेवून लेखी विचारा. पाच-सहा महिन्यांचा पैसा तरीही हाताशी असू द्या.

शैक्षणिक कर्जाला घाबरू नका, पण त्याचीही तयारी लागते. बँकांच्या नमुना योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा लागत नाही; त्यापुढे देशातल्या शिक्षणाला ५ टक्के आणि परदेशातल्या शिक्षणाला १५ टक्के तुम्हाला घालावे लागतात. साडेसात लाखांपर्यंत या योजनेत सहसा तारण लागत नाही. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं सुरू होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंतच्या काळात ३ टक्के व्याजसवलत आहे. मुलाला ठरवलेलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते विद्यालक्ष्मी पोर्टलवर आधीच बघून ठेवा.

आणि एक स्पष्टच सांगते: कॉलेजसाठी स्वतःचा पीएफ मोडू नका. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही.

१०. दर एप्रिलला अर्धा तास

वार्षिक निकाल लागायच्या आसपास एकदा बसा. सुकन्या आणि पीपीएफमध्ये वर्षाची किमान रक्कम गेली का (सुकन्यात चुकली तर वर्षाला ५० रुपये दंड), एसआयपी वाढवली का, कॉलेजांची नवी फी काय दिसते, नॉमिनी बरोबर आहे का. सगळी खाती, फंडाचे फोलिओ (खाते) नंबर, पॉलिसी नंबर एका वहीत लिहा आणि ती वही कुठे आहे ते जोडीदाराला सांगा. पासवर्ड मात्र त्या वहीत नकोत.

मूल नववीत गेलं की त्यालाही या हिशेबाला बसवा. आमच्या मोठीनं कॉलेजांची पसंतीची यादी भरताना वसतिगृहाचा खर्च आपणहून एका रकान्यात मांडला होता, आणि त्यावरून दोन कॉलेजं खाली सरकवली.